ध्रुवाला जवळ कोण?



भूगोल शिकवण्यांत माझीं तीसांहून अधिक वर्षें गेलीं. त्यांतली एक चूक आज आपल्यापुढें मांडतों.

सहामाही परीक्षेंत मीं प्रश्न घातला होता, 'उत्तर ध्रुवाला सर्वांत जवळ असलेलें खंड कोणतें?' एका मुलानें 'आशिया' असें उत्तर लिहिलें आणि मीं त्यावर तांबडी फुली मारली. नॉर्थ केप हें नांव मला लहानपणापासून पाठ. तेव्हां माझें उत्तर होतें युरोप. मुलगा गुणांसाठीं भांडला नाहीं. "सर, मीं गोलावर मोजलें होतें," एवढेंच म्हणाला.

शाळा सुटल्यावर मीं कपाटांतला पृथ्वीचा गोल काढला आणि शिवणकामाचा दोरा घेऊन बसलों. आशियाच्या मुख्य भूमीचें टोंक सैबेरियांतील चेल्यूस्किन भूशिर. तें ७७ अंश ४३ कलांवर, म्हणजे ध्रुवापासून सुमारें १,३७० किलोमीटरांवर आहे. युरोपची मुख्य भूमि नॉर्वेंत ७१ अंश ८ कलांवरच संपते. तेथून ध्रुव २,१०० किलोमीटर. नॉर्थ केप थोडें पुढें आहे खरें, पण तें पडलें बेटावर! उत्तर अमेरिकेची मुख्य भूमीही ७२ अंशांच्या आसपास थांबते. बेटें धरलीं तर मात्र बाजी तिचीच. ग्रीनलंडचें टोंक ध्रुवापासून अवघें ७१० किलोमीटर आहे. बेटें धरावयाचीं कीं नाहीं, हें माझ्या प्रश्नांत कोठेंच नव्हतें.

मग नॉर्थ केपचा एवढा बोलबाला कां? अटलांटिकचें उबदार पाणी नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत पोंचतें. ७० अंशांच्याही उत्तरेस असलेलें हॅमरफेस्टचें बंदर हिंवाळ्यांत गोठत नाहीं. प्रवासी तेथवर सुखानें जातात. चेल्यूस्किनपाशीं समुद्र वर्षांतून बरेच महिने बर्फाखालीं असतो. तेथें जातो कोण?

दुसऱ्या दिवशीं सर्व वर्गासमक्ष मीं ती फुली खोडली. मुलानें दोरा मागून घेतला. त्याला दक्षिणेकडचें मोजावयाचें होतें. भिंतीवरच्या मर्केटर नकाशांत अंटार्क्टिका तळाशीं पांढऱ्या पट्ट्यासारखी पसरलेली दिसते, आणि सगळीं खंडें तिला सारखींच जवळ वाटतात. दोऱ्यानें निराळेंच सांगितलें. दक्षिण अमेरिकेचें हॉर्न भूशिर ५६ अंशांपर्यंत उतरतें. त्यापलीकडची ड्रेक सामुद्रधुनी ओलांडून दक्षिण शेटलंड बेटें गांठावयास ८०० किलोमीटर पुरतात. आफ्रिका ३४ अंश ५० कलांवरच संपते, आणि पुढें सुमारें ४,००० किलोमीटर नुसता समुद्र! ऑस्ट्रेलियापासून हें अंतर ३,००० किलोमीटरांच्या घरांत आहे. टास्मानिया धरल्यास अडीच हजार.

उत्तर ध्रुवावर चार हजार मीटरांहून खोल समुद्र आहे आणि त्याभोंवतीं जमिनीचें कडें. दक्षिणेस जमीन मध्यें, समुद्र भोंवतीं. म्हणून तेथील पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा प्रवाह पृथ्वीला पूर्ण फेरा घालतो. त्याला कोठेंच जमीन आडवी येत नाहीं. उत्तरेकडचें उबदार पाणी तो अंटार्क्टिकेपर्यंत सहसा पोंचूं देत नाहीं. नॉर्वेसारखें भाग्य त्या किनाऱ्याला नाहीं, तें यामुळेंही.

दोरा गुंडाळतां गुंडाळतां मुलानें विचारलें, "सर, आफ्रिका जर सर्वांत दूर, तर आपले लोक केपटाउनवरून कां जातात?"

प्रश्न रास्त होता. भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्यें गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजीं अंटार्क्टिकेवर उतरली. पुढें १९८९ मध्यें उभारलेलें 'मैत्री' केंद्र ७० अंश ४५ कलांवर, जवळजवळ आफ्रिकेच्या सरळ खालीं आहे. मुंबई-गोव्याकडून निघणाऱ्याला हॉर्न भूशिर म्हणजे अर्ध्या जगाचा वळसा. मीं दोऱ्याचें एक टोंक गोव्यावर धरलें, दुसरें त्याच्या हातांत दिलें, आणि म्हटलें, "मोज."