चौकोनातला आकडा

आज बोलायचं आहे मोबाइलमधल्या एका बारक्या चौकोनाबद्दल. क्रोम उघडलं, की आपण जिथं नाव टाकून शोधतो त्या पट्टीच्या शेजारी, तीन टिंबांच्या अलीकडे, एक चौकोन असतो आणि त्यात आकडा. कुणाचा ७, कुणाचा २३, कुणाचा ६८. बऱ्याच जणींना वाटतं, तेवढे मेसेज आले असतील. मेसेज नव्हेत ते. तेवढी पानं तुमच्या मोबाइलमध्ये उघडी पडलेली आहेत. अशा एका उघड्या पानाला टॅब म्हणतात. शंभराची पाळी आली की क्रोम मोजायचंच सोडतं आणि आकड्याच्या जागी दोन टिंबं आणि इंग्रजी डी दाखवतं. मान वाकडी करून बघा, हसरं तोंड दिसतं. बाई, हसतंय कुणाला, आपल्यालाच!

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं एवढी पानं उघडली? गटाच्या व्हॉट्सॲपवर योजनेची लिंक आली, बोट लावलं, एक टॅब उघडला. पोराच्या निकालाची आली, दुसरा. कापसाचा भाव बघितला, तिसरा. मग आपण मोबाइल बाजूला ठेवतो आणि वाटतं की झालं बंद. पण मधलं बटण दाबून बाहेर आलं म्हणजे पान बंद होत नाही. दार लोटलेलं असतं, कडी लावलेली नसते.

आणि खरं सांगायचं तर पुष्कळ जणी ते मुद्दाम बंद करत नाहीत. कारण भीती. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा पैठणपासून सोयगावपर्यंत गावोगाव बायांनी मोबाइलवर फॉर्म भरले. फॉर्म भरलेलं पान बंद केलं तर फॉर्मच जाईल, दीड हजार बुडतील, असं वाटणं काही चूक नाही. म्हणून नीट ऐका. अर्ज एकदा सादर झाला आणि अर्ज क्रमांक आला, की तो अर्ज सरकारच्या कॉम्प्युटरवर गेला. तुमच्या टॅबमध्ये तो राहिलेला नाही. मोबाइल विहिरीत पडला तरी अर्ज राहतो. सांभाळायचा असतो तो क्रमांक. पावती डाउनलोड करा, स्क्रीनशॉट घ्या आणि क्रमांक गटाच्या वहीत लिहा. वहीला चार्जिंग लागत नाही. मग खुशाल टॅब बंद करा.

अर्धा भरलेला फॉर्म मात्र वेगळा. तो अजून कुठंच गेलेला नसतो, त्या पानावरच असतो. इथं गर्दीचा फटका बसतो. आपले मोबाइल स्वस्तातले, त्यांची मेमरी थोडी. चाळीस पानं उघडी, वर व्हॉट्सॲप, वर कॅमेरा. जागा पुरेना झाली की मोबाइल मागची पानं आपणहून सोडून देतो. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलात आणि परत आलात, की पान गोल फिरतं आणि नव्यानं उघडतं, कोरं. नाव, गाव, खाते नंबर, सगळं पुन्हा. आपण म्हणतो साइटच बेकार आहे. कधीकधी असतेही. पण कधीकधी कारण आपल्या हातातच असतं.

म्हणून फॉर्मला बसण्याआधी त्या चौकोनावर बोट लावा. सगळी पानं छोटी छोटी होऊन समोर येतात. प्रत्येकाच्या कोपऱ्यात फुली असते. नको ते फुलीनं काढा. सगळीच नको असतील तर तीन टिंबांत सगळे टॅब बंद करायची सोय आहे. आधार, पासबुक शेजारी काढून ठेवा. आणि ओटीपीसाठी फॉर्म सोडून मेसेजमध्ये जाऊ नका. वरून बोट खाली ओढलं की पडदा उतरतो, त्यात ओटीपी वाचता येतो.

आता ज्या बाईच्या मोबाइलवर अख्ख्या गल्लीचे फॉर्म भरले जातात तिच्यासाठी. प्रत्येक गावात अशी एक असतेच, कधी गटाची सचिव, कधी कुणाची शिकलेली सून. घाईत ती एका टॅबमध्ये शेजारणीचं लॉगिन उघडं ठेवते आणि दुसऱ्यात जाऊबाईचं सुरू करते. ठिबकसाठी महाडीबीटीवर अर्ज करताना असं होतं. साइटला टॅब वेगळा ओळखू येत नाही, तिला तो ब्राउझर ओळखू येतो. दुसरीचं लॉगिन झालं की पहिलीचं बाजूला पडतं, आणि पहिल्या टॅबमध्ये भरलेली माहिती दुसरीच्या नावावर जाऊ शकते. नंतर निस्तरायला तालुक्याच्या चकरा. तेव्हा एकीचं काम पुरं करा, लॉगआउट म्हणा, टॅब काढा आणि मग दुसरीला बसवा. लॉगआउट वेगळं म्हणायचं हे विसरू नका. नुसती फुली मारली तर काही साइटवर आतलं खातं तसंच उघडं राहतं.

उघड्या टॅबांच्या गर्दीत चोरही लपतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली. स्वतःचा आधार, नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, दोघांचे ओटीपी. तेव्हा खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या साइटही निघाल्या, सरकारनंच सावध केलं. छोट्या केलेल्या पानांत खरी आणि खोटी सारखीच दिसतात, तेच रंग, तेच फोटो. रात्री कुणीतरी पाठवलेली लिंक उघडी राहते आणि सकाळी आपण तीच खरी समजून आधार टाकतो. म्हणून पैशाच्या आणि आधारच्या कामाला जुना टॅब वापरायचाच नाही. नवा उघडायचा आणि वरच्या पट्टीतलं नाव वाचायचं. लाडकी बहीणच्या खऱ्या साइटचं नाव महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन असं संपतं. त्याच्यापुढं तिरपी रेघ असली तर चालेल, पण आणखी एक टिंब देऊन दुसरं नाव जोडलेलं असेल तर पान बंद. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन लावा. तो सायबर फसवणुकीसाठीच आहे.

सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात काम करून घेतलंत, तर तिथल्या कॉम्प्युटरवर तुमचा सातबारा, तुमचं पासबुक उघडं राहतं. पुढच्या गिऱ्हाइकाला ते दिसतं. दुकानदाराने पान बंद केलं तरी कंट्रोल, शिफ्ट आणि टी ही तीन बटणं एकदम दाबली की ते परत उघडतं. तेव्हा उठायच्या आधी म्हणा, दादा, माझं लॉगआउट करा आणि डाउनलोडमधली फाइल पुसा. राग आला तर येऊ दे. काम गुप्त टॅबमध्ये, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये केलं तर आणखी बरं. ती खिडकी पूर्ण बंद केली की त्यातलं लॉगिन आणि इतिहास त्या मशीनवर राहत नाही. डाउनलोड केलेली फाइल मात्र राहते, ती पुसावीच लागते.

राहिली रोज लागणारी पानं, भावाची, हवामानाची. ती उघडी ठेवायची गरज नाही. तीन टिंबांत चांदणी आहे, ती दाबली की पान बुकमार्कमध्ये जाऊन बसतं आणि हवं तेव्हा निघतं. गटाची कामं बरीच असतील, तर चौकोनात जाऊन एक टॅब बोटानं दाबून धरा आणि दुसऱ्यावर नेऊन ठेवा. दोघांचा गट होतो. त्याला नावही देता येतं, कर्ज, मसाला उद्योग, असं काही. आपल्यासारखाच गट!

चुकून हवं ते पान बंद झालं तर घाबरू नका. फुली मारल्यावर खाली क्षणभर परत आणायची पट्टी येते. ती गेली तर तीन टिंबांत अलीकडील टॅब बघा, तिथं ते सापडतं. म्हणजे तुमच्या हातून मोबाइल नातवाकडं गेला तर त्यालाही सापडतं, एवढं ध्यानात असू द्या.