केस वाढेपर्यंत



युनियनचा माणूस बोलायला उभा राहिला की बोनसची गोष्ट निघणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही डोईवरच्या केसांविषयी बोलणार आहोत. विषय हलका वाटेल. तळोज्याच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या मुलींना तो तसा वाटत नाही.

उन्हाळा लागतो, घामाने मान चिकटते, सकाळची पाळी गाठायची घाई असते. एखादी मुलगी कंबरेपर्यंतची वेणी एका बैठकीत कानापर्यंत उतरवून येते. दुसऱ्या दिवशी आरशासमोर हात सवयीने पाठीकडे जातो आणि रिकामा परत येतो. मग हळहळ, मग तेले. कोणी कांद्याचा रस सुचवतो, कोणी म्हणते टोके कापत राहा, जोमाने वाढतील. आम्ही पुस्तकांतून शिकलो ते असे की केस वाढतो कातडीखालच्या मुळाशी, आणि बाहेर दिसतो तो भाग निर्जीव असतो. तो कापला काय, ठेवला काय, मुळाला त्याची वार्ता नसते. वाढ महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, फार तर सव्वा. म्हणजे कंबर पुन्हा गाठायला चार-पाच वर्षे. मालकाला मागणीपत्र देऊन आम्ही याहून जास्त थांबलो आहोत, एवढेच समाधान त्या मुलींना सांगता येते.

मधला काळ मात्र सांभाळावा लागतो. मानेवरचे केस आधी खाली लोंबतात. ते थोडे थोडे कमी करीत राहिले तर पुढचे त्यांना गाठतात. घरात हा शोभेचा प्रश्न, यंत्रापाशी जिवाचा. लांब केसांचा अंबाडा घट्ट बसतो, अगदी आखूड केस कशात अडकत नाहीत. पण अर्धवट वाढलेले केस बांधले तरी निसटतात आणि फिरत्या पट्ट्याला सापडतात. १९४८च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोक्याच्या भागांना आडोसा घालण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली होती. तेव्हा टोपी द्या, आडोसा नीट ठेवा. ‘केसच कापून ये’ असे फर्मान काढणाऱ्या मुकादमाचे आम्ही ऐकून घेत नाही.

आपण कापलेले केस आणि दुसऱ्याने कापायला लावलेले केस, यांत फार अंतर आहे. आपल्याकडे ज्या बायांना विधवा झाल्याबरोबर न्हाव्यापुढे बसवीत, त्यांना केस वाढण्याची वाट पाहायचीही सोय नव्हती. चार दिवसांनी वस्तरा पुन्हा हजर.

नारायण मेघाजी लोखंडे हे आमच्या चळवळीचे मूळपुरुष. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची परिषद भरवली. १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पडली. एवढे कामगारांना पाठ असते. त्याच १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांना त्यांनी जमवले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निश्चय त्या मंडळींनी केला, हे फारसे कोणी सांगत नाही. न्हाव्याचे पोट वस्तऱ्यावर, हे ध्यानात घ्या. आपल्या पगारवाढीसाठी काम बंद ठेवणारे पुष्कळ. परक्या घरातल्या बाईसाठी, तेही आपल्याहून वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या, आपली मजुरी सोडणारे आम्ही आमच्या हयातीत पाहिले नाहीत.

वस्तरा थांबला म्हणून मन लगेच मोकळे होते असेही नाही. पार्वतीबाई आठवले यांचा जन्म १८७० सालचा, देवरुखचा. तरुणपणी वैधव्य आले, केशवपन झाले. धोंडो केशव कर्वे हे त्यांच्या बहिणीचे यजमान. त्यांच्या आश्रमासाठी पार्वतीबाई गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडल्या, त्या मुंडण केलेल्या डोक्यानेच. कर्व्यांच्या घरात त्यांच्यावर सक्ती करणारे कोणी नव्हते. रूढी त्यांच्याच मनात बसली होती. ती उठायला वर्षे लागली. वयाची चाळिशी आली तेव्हा त्यांनी वपन बंद केले. त्या काळात डोक्यावर बोटभर केस असलेल्या विधवेला चारचौघांत वावरताना काय काय ऐकावे लागत असेल, ते येथे बसलेल्या वडीलधाऱ्या बायांना आम्ही सांगायला नको.

१९१८ साली त्या अमेरिकेला निघाल्या. इंग्रजी जेमतेम. तिथे परक्यांच्या घरी भांडीकुंडी करून पोट भरले, आणि केस वाढलेले होते.