एकटीने केलेला एस. टी.चा प्रवास
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या महिन्यात शनिवार-रविवार मी पुण्याहून नगरला आत्याकडे एकटी जाऊन आले. १ जून १९४८ रोजी पहिली एस. टी. धावली ती याच रस्त्याने. नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एस. टी.चे तिकीटही अर्धे पडते.

दारात मला पाहताच आत्याने विचारले, "कोण आजारी आहे गं?" खरेच आहे. लग्नकार्य, बाळंतपण किंवा दुखणे असल्यावाचून आपण जातो कुठे? "कोणी नाही, तुलाच भेटायला आले," म्हटल्यावर तिने डोळ्यांना पदर लावला. रात्री उशिरापर्यंत ती बोलत होती. माझे वडील शाळा चुकवून किल्ल्याच्या खंदकाकडे पळत, हे मला या वयात कळले. हे सांगणारे आता तिच्याखेरीज कोणी उरलेले नाही.

रविवारी संध्याकाळी परतले. मुलांनी लावलेला भात जरा खाली लागला होता, एवढेच. घर जागच्या जागी होते.

भगिनींनो, तिकिटाची सोय झाली आहे. निघायचे मात्र आपल्यालाच आहे. आपल्या वडीलधाऱ्यांकडे, काही कारण पडण्याआधीच, एकदा जाऊन या.