नामशेष होण्याआधी



हवामान पालटत असता कोणत्या जीवजाती नामशेष होतील हे आधी ओळखायचे कसे, हा आजचा विषय आहे. ओळखण्याची रीत अपुरी असली म्हणजे काय होते, ते एका उंदराच्या हकीकतीवरून कळेल.

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधील टॉरस सामुद्रधुनीत ब्रॅम्बल के नावाचे चिमुकले बेट आहे. त्याची उंची जेमतेम तीन मीटर. मेलोमिस जातीचा एक उंदीर तेवढ्या बेटावरच आढळत असे. तो संकटात आहे हे सरकारला ठाऊक होते. २००८ साली त्याच्या रक्षणाची योजनाही झाली. परंतु समुद्र चढल्याने या योजनेच्या मुदतीत मोठा अपाय होण्याचा संभव नाही, असे त्याच योजनेत नमूद होते. २००९ नंतर तो उंदीर कोणाला दिसला नाही. भरतीचे पाणी वारंवार बेटावर चढून तेथील झाडोरा मेला होता. खाणे गेले, आसराही गेला. २०१४ साली कसून शोध झाला, आणि २०१९ साली ऑस्ट्रेलिया सरकारने ही जात नामशेष झाल्याचे जाहीर केले.

म्हणजे यादीत नाव होते, योजना होती. चुकली ती मुदत.

१९६४ साली सुरू झालेल्या जागतिक लाल यादीची कसोटी पाहा. एखाद्या जातीची संख्या दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, शेकडा ८० घटली तर ती अतिसंकटग्रस्त, ५० घटली तर संकटग्रस्त, ३० घटली तर असुरक्षित, असा साधारण हिशेब आहे. क्षेत्र किती उरले, हेही पाहतात. भावी घटही धरता येते. पण मुदत तीच. हत्तीच्या तीन पिढ्या म्हणजे मोठा काळ. उंदराच्या तीन पिढ्या दहा वर्षांच्या आतच आटोपतात. शिकारीचा किंवा जंगलतोडीचा घाला दहा वर्षांत दिसतो. हवामानाचे काम मात्र सावकाश, अर्धशतकभर चालते.

म्हणून आता शास्त्रज्ञ आणखी तीन प्रश्न विचारतात. बदल त्या जातीच्या वस्तीपर्यंत किती पोचणार? पोचला तर तिला तो किती बाधणार? आणि बाधला तर तिला दुसरीकडे जाता येईल का, किंवा राहणी बदलता येईल का?

हे प्रश्न आपल्या सह्याद्रीला लावून पाहा. आंबोलीच्या परिसरात एक छोटा भेक आहे. शास्त्राने त्याला नाव दिले ते २००९ साली. सड्यावरच्या जांभ्या कातळात पावसाचे पाणी साचते, त्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. डबके आटण्यापूर्वी पिलांना पाय फुटले पाहिजेत. पाऊस सरासरीइतका पडूनही मध्ये उघडीप लांबली, तर पिले वाळून मरतील. आणि वार्षिक सरासरीच्या आकड्यात त्याचा पत्ताही लागणार नाही. तेव्हा मोजायची ती पावसाची बेरीज नव्हे, उघडिपीचे दिवस.

ही भीती काल्पनिक नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत ८,०११ उभयचर जाती तपासल्या गेल्या. त्यांपैकी शेकडा सुमारे ४१ धोक्यात आढळल्या. २००४ पासून ज्यांची स्थिती खालावली, त्यांतील शेकडा ३९ जातींच्या बाबतीत मुख्य कारण हवामानबदल हेच होते.

असे अंदाज कधी चुकतील, हे मान्य. पण चुकलेला अंदाज पुढल्या पाहणीत दुरुस्त करता येतो. गेलेली जात परत आणता येत नाही. म्हणून पुरावा पुरा होण्याची वाट न पाहता आजच सडे राखावेत, डबकी मोजावीत, नोंदी ठेवाव्यात. हे काम गावोगावच्या शाळांनाही करता येईल.