पेढा सोसत नाही, की पेढा चालतच नाही?



अन्नाच्या ॲलर्जीविषयी बोलायचं आहे आणि त्यासाठी मी आपला खवाच हाताशी घेतो. धाराशिवच्या भूम भागातला खवा दूरदूर जातो, कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही आहे. आता पेढ्याचा पुडा फिरू लागला की एखादे काका हात आखडता घेतात. "मला दुधाची ॲलर्जी आहे हो, पोट गुबारतं." शेजारच्या घरात दोन वर्षांचं लेकरू असतं. त्याला कुणी कौतुकाने पेढ्याचा कण चाटवला, तर दहा मिनिटांत ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलटी होते. त्याची आईही दुधाची ॲलर्जी आहे असंच सांगते. काकांची तक्रार पचनाची आहे. लेकराच्या मात्र जिवावर बेतू शकतं.

आधी काका. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते आणि ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागतं. तान्हेपणी ते भरपूर असतं, पण जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश माणसांत पुढे ते कमी होतं. संख्येच्या हिशेबाने म्हातारपणापर्यंत दूध पचवणारेच अपवाद ठरतात! भारतात वायव्येकडून दक्षिणेकडे यावं, तसे हे अपवाद आणखी कमी होतात. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथल्या जिवाणूंची चंगळ होते. मग वायू धरतो, कळ येते, जुलाब होतात. हा सगळा मामला मात्रेचा आहे. पेलाभर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं आणि तेवढं एका वेळी बहुतेकांना निभतं. खवा आटवताना पाणी उडून जातं, लॅक्टोज कढईतच राहतं. त्यामुळे ५० ग्रॅम खव्यात जवळपास पेलाभर दुधाइतकं लॅक्टोज येतं. काकांनी एक पेढा खाल्ला तर बहुधा काही होणार नाही, पाव किलो संपवले तर रात्र जागून काढावी लागेल. दह्यात विरजणाने काही लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं, तुपात ते नावालाच उरतं. एवढं असताना काकांनी ताकसुद्धा का सोडलं, ते मला कळत नाही.

लेकराचं तसं नाही. त्याच्या प्रतिकारशक्तीने दुधातल्या केसीनसारख्या प्रथिनालाच शत्रू ठरवलेलं असतं. त्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होऊन मास्ट पेशींवर बसून राहतात. पुढच्या वेळी ते प्रथिन आलं की या पेशी हिस्टामिन सोडतात. त्वचा, पोट, श्वासनलिका, रक्तदाब, कुठेही परिणाम दिसू शकतो. हे काही मिनिटांत होतं, फार तर दोन तासांत. सावकाश येणाऱ्या ॲलर्जीही असतात, पण जीवघेणी बहुधा ही झटपट जात. उलथण्याला चिकटलेला खवासुद्धा तिला पुरतो. तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो, म्हणून 'तूप चालेलच' हे घरच्या घरी ठरवायचं नाही. दुधाची ॲलर्जी बहुतेक मुलांत मोठेपणी जाते. ती गेली का, हे डॉक्टरांच्या देखरेखीतच पाहायचं.

मग रक्त तपासून का ठरवू नये? तपासणीला अर्थ आहे, पण एकटीला नाही. कर्नाटकातल्या शहरी आणि ग्रामीण प्रौढांची एक पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलेले लोक २६.५ टक्के होते. खरी ॲलर्जी असण्याची शक्यता मात्र १.२ टक्क्यांतच दिसली. शंभर पदार्थांची एकदम तपासणी करून अहवालात लाल खुणा दिसताच वरण, अंडी, शेंगदाणे एका झटक्यात बंद करणाऱ्या पालकांना मी हे दोन आकडे नेहमी सांगतो. वाढत्या पोराच्या ताटातून प्रथिनं काढून घेणं हा फार महागडा सावधपणा आहे. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने काय झालं आणि दर वेळी तसंच होतं का, हे डॉक्टरांना नीट सांगा. तपासणी त्यानंतर.

शेंगदाण्यांवर जरा थांबतो, कारण आपल्याकडे कुटाशिवाय भाजी होत नाही. ब्रिटन-अमेरिकेत एकेकाळी जोखमीच्या बाळांना शेंगदाणे देऊच नका, असा सल्ला होता. मग लंडनच्या संशोधकांना दिसलं, की इस्राएलमधल्या ज्यू मुलांना बाळपणापासून शेंगदाण्याचा खाऊ मिळतो आणि त्यांच्यात ही ॲलर्जी लंडनच्या ज्यू मुलांपेक्षा खूप कमी आहे. त्यांनी गंभीर इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं निवडली. निम्म्यांना शेंगदाणे नियमित दिले, निम्म्यांना वर्ज्य केले. निकाल २०१५ मध्ये आला. पाचव्या वर्षी वर्ज्य गटात सुमारे १७ टक्क्यांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत ३ टक्क्यांना. सल्ला उलटा झाला! मात्र अख्खा दाणा बाळाच्या घशात अडकतो, तेव्हा द्यायचं ते बारीक कूट कालवून. आणि इसब गंभीर असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

पाश्चात्त्य याद्या आपल्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. मुंबईच्या पाटील, निफाडकर आणि बापट यांनी २००१ मध्ये हरभऱ्याच्या ॲलर्जीवर अभ्यास प्रसिद्ध केला. पिठलं, भजी, बुंदी खाणाऱ्या मुलखाला तो महत्त्वाचा आहे.

गव्हाचा सिलिॲक आजार ॲलर्जीही नव्हे आणि साधी अपचनाची तक्रारही नव्हे. त्यात ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं आणि गहू कायमचा सोडावा लागतो. ज्वारीची भाकरी अशा रुग्णाला चालते, फक्त पीठ गव्हाच्या गिरणीवर दळलेलं नको.

नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर उपवास करणारे हजारो असतात. भगर किंवा तिचं पीठ दमट राहून त्याला बुरशी लागली तर बुरशीच्या विषाने उलट्या, चक्कर, थरथर होते. नंतर माणूस वर्षानुवर्षं 'मला भगरीची ॲलर्जी' म्हणत राहतो. एका पंगतीतले दहा जण एकदम आजारी पडले तर ती विषबाधा समजावी.

पाकिटावर दूध, शेंगदाणे, सोयाबीन, गहू अशा घटकांची नोंद २०२० च्या नियमांनी सक्तीची आहे. लग्नातल्या रश्शावर पाकीट नसतं. आचाऱ्याला 'शेंगदाणे आहेत का' विचारलं तर तो नाही म्हणेल, कारण त्याने कूट घातलेलं असतं. तेव्हा वाटणात काय आहे, तेच विचारा. आणि ॲलर्जी सांगणाऱ्याला 'एका घासाने काय होतंय' हा आग्रह तर नकोच.

खाल्ल्यावर गांधींबरोबर श्वास लागला, आवाज बसला, भोवळ आली, तर आमसूल चोळत बसू नका. सेट्रिझिनची गोळी खाज थांबवते, जीव वाचवत नाही. तिथे ॲड्रेनॅलिनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. लसीकरणाच्या ठिकाणी ते ठेवलेलं असतं, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवं. १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवा, धाप लागली असेल तर बसू द्या, पण चालवत नेऊ नका. इंजेक्शनने आराम पडला तरी काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो, म्हणून लगेच घरी जायचं नाही.