मूल उलटून बोलते तेव्हा

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या मंगलदिनी चार गोड शब्द बोलावेत अशी रीत आहे. मी मात्र, जे आपण दार लावून बोलतो, त्याविषयी बोलणार आहे.

हट्ट कोणते मूल करीत नाही? परंतु काही मुले सहा-सहा महिने सतत चिडतात, मोठ्यांशी वाद घालतात, सांगितलेले मुद्दाम मोडतात, आपल्या चुकीचे खापर दुसऱ्यावर फोडतात. घर, शाळा, मैत्री, सारेच विस्कटते. मानसशास्त्रात याला विरोधी-अवज्ञा विकार म्हणतात.

माझा धाकटा असाच होता. 'पसारा आवर' म्हटले की तो ओरडे, मी त्याहून मोठ्याने ओरडे, तो ताट ढकली, आणि शेवटी थकून मीच पसारा आवरी. कधी हातही उगारला. शेजारणी म्हणत, लाडाने बिघडला. सासूबाई म्हणत, धाक नाही. एका रात्री त्याने विचारले, "आई, मी वाईटच आहे ना?" त्या रात्री मला झोप आली नाही.

बालमार्गदर्शन केंद्रातील बाईंनी मला एकच प्रश्न केला : "ओरडल्याने त्याला काय मिळते?" काम टळते! आणि माझ्या ओरडण्याने मला क्षणभर शांतता मिळे. आम्ही दोघे एकमेकांना ओरडायलाच शिकवीत होतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी हेच चक्र १९८२ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले आहे.

ते तोडण्याची सुरुवात मोठ्यांनी करावयाची. रोज दहा मिनिटे मुलाच्या आवडीचा खेळ खेळावा. त्यात उपदेश नको. जवळ जाऊन, शांतपणे, एका वेळी एकच काम सांगावे. केले की लगेच म्हणावे, "पहिल्या हाकेला उठलास, बरे वाटले." नियम दोन-तीनच असावेत. शिक्षा आधी सांगितलेली, लहान आणि त्याच दिवशी संपणारी असावी, मार नको. आई 'नाही' म्हणते आणि आजी हळूच देते, असे झाले तर सारे व्यर्थ. प्रथम हट्ट वाढतो. तेव्हा माघार घेऊ नये.

मोठ्या मुलांशी भांडणाच्या भरात बोलू नये. राग ओसरल्यावर दोघांनी बसून तोडगा काढावा.

पुष्कळदा याच्यामागे अतिचंचलता, वाचनातील अडचण, उदासी किंवा शाळेतील छळ दडलेला असतो. म्हणून तज्ज्ञांना दाखवण्यात कमीपणा मानू नये. २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे.

आमच्या घरी वर्ष-दीड वर्ष गेले. मुलगा रागीट तो रागीटच. पण आता राग आला की बाहेर फेरी मारून येतो, आणि परत येऊन बोलतो.

भगिनींनो, शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला, तर त्या आईला नावे ठेवू नका. तिच्या लहानग्याला तासभर आपल्याकडे खेळायला आणा. मला त्या दिवसांत तेवढेच हवे होते.