नव्या वकिलांशी एका पक्षकाराचे हितगुज

(सुवर्णमहोत्सवानिमित्त कान्हे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वकिलांना मार्गदर्शन कापडाच्या व्यापाऱ्याने का करावे, अशी शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कायद्याशी माझा संबंध आला तो पक्षकार म्हणून. परंतु वकिलाचे गिऱ्हाईक म्हणजे माझ्यासारखीच माणसे, त्या नात्याने चार शब्द बोलतो.

पूर्वी आपली मुले शाळा संपली की गादीवर बसत. आता घरोघरी कोणी सीए होतो, कोणी वकील. वकील झालेला मुलगा दोन-तीन वर्षे वरिष्ठांच्या मागे फाइली घेऊन फिरतो आणि घरात विचारणा सुरू होते, ‘एवढे शिकून हाती काय आले?’ त्यातच १ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि नोटिशीचा मसुदा संगणकही क्षणात लिहून देऊ लागला. काळजी वाटणारच.

या काळजीत मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वकिलीची सुरुवात आठवते. तळेगाव दाभाडे येथील त्यांचा बंगला आपल्याला परिचित आहेच. १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. त्या काळी उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरकडे काम येई ते सॉलिसिटरमार्फत, आणि अस्पृश्यतेच्या रूढीमुळे ती वाट त्यांना जवळजवळ बंद होती. एवढी विद्वत्ता आणि टेबलावर कागद नाही! त्यांनी जिल्ह्यांच्या न्यायालयांतील कामे घेतली आणि १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. हिशेबनिसांना कायदा शिकविणारे बाबासाहेब आपणा व्यापाऱ्यांना फारसे माहीत नसतात. पुढे १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील खटल्यात खालच्या न्यायालयाने जवळकर, केशवराव जेधे प्रभृतींना दोषी ठरविले, तेव्हा अपिलात त्यांना सोडविणारे वकील तेच होते.

म्हणून आरंभीच्या वर्षांत शिकवणीचा आधार घेण्यात कमीपणा मानू नये. नियमांनुसार वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायद्याचे अध्यापन करता येते. घरच्या धंद्याबाबत मात्र पालकांनी नीट समजून घ्यावे. वारशाने आलेल्या धंद्यात वकिलाचा वाटा राहू शकतो, पण त्याला कारभार पाहता येत नाही. ‘कोर्ट सुटले की गल्ल्यावर बस’ असे मुलाला सांगू नका. त्याची सनद धोक्यात येईल.

आता काम कोठे आहे? कान्ह्याहून पुण्याकडे लोकलचे पुढचेच स्टेशन वडगाव. तेथील न्यायालयाच्या आवारात खटल्याची वाट पाहत बसलेले तरुण मी पाहतो. माझ्या मते काम त्याआधी, आमच्या दुकानात पडलेले असते. उधारी थकते, तीन वर्षांची मुदत उलटू लागते. मुदतीच्या आत देणेकऱ्याने बाकी लेखी कबूल करून सही केली, तर तेथून मुदत नव्याने मोजली जाते, हे किती व्यापाऱ्यांना ठाऊक आहे? चेक परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. आम्ही मात्र ‘पुढच्या आठवड्यात टाका’ या शब्दावर तो महिना घालवतो.

सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत देण्याचा कायदा २००६ चा आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला प्राप्तिकराची जोड दिली, तेव्हा कापड बाजारात एकच धावपळ उडाली. आम्ही सारे सीएकडे गेलो. वास्तविक प्रश्न करारपत्राचाही होता, म्हणजे वकिलाचा. पण एकही तरुण वकील पेढीवर विचारायला आला नाही. (अर्थात जाहिरात करण्यास तुम्हाला बंदी आहे, हे मी जाणतो. ओळखीच्या माणसाशी बोलायला बंदी नाही.)

भागीदारीचे दस्त, भावाभावांच्या वाटण्या, सातबारावरील जुन्या नोंदी, ही सारी कामे अशीच पडून असतात. भांडण झालेच, तर लोकअदालतीत तडजोड होताच भरलेले कोर्ट-शुल्क परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते. व्यापाऱ्याला दहा वर्षांच्या विजयापेक्षा हे अधिक परवडते, आणि असा मिटवून देणारा वकील तो दुसऱ्या चौघांना सुचवतो.

संगणकाविषयी एवढेच, की २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने वकिलांना ५,००० डॉलर दंड केला; संगणकाने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे त्यांनी न तपासता सादर केले होते. मसुदा खुशाल त्याच्याकडून घ्या, निवाडा मात्र स्वतः वाचा.

आणि कीर्द-खतावणी वाचायला शिका. उधारीचा दावा उभा राहतो तो तिच्यावर. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी दिवाळीचा हंगाम उरकल्यावर दुपारी माझ्या दुकानी यावे. त्या वेळी गिऱ्हाईक कमी असते आणि जुन्या वह्या माळ्यावर जपून ठेवलेल्या आहेत.